घेतलेल्या जुन्या गाडीत दोष निघाला तर

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट लागतो. तो घाट चढत असताना, ताब्यात येऊन अवघे अकरा दिवस झालेल्या माझ्या मोटारीच्या तापमापकाचा काटा तांबड्या रेषेकडे सरकू लागला, तेव्हा माझ्या मनात प्रथम आले ते हेच, की गाडी कशीबशी घाटमाथ्यावर न्यावी, पुढे उतारच आहे. सुदैवाने शेजारी माझे मेहुणे बसले होते. उभे आयुष्य एस.टी.च्या कार्यशाळेत काढून ते निवृत्त झालेले. त्यांनी गाडी तत्काळ कडेला घ्यावयास लावली, इंजिन बंद करविले आणि म्हणाले, "दाजी, इथून हातभर जरी पुढे नेलीत तरी हेड वाकेल, आणि मग शोरूमवाला म्हणेल, तुम्हीच वाकवलंत."

त्या वाक्यात यंत्राचे ज्ञान होते, तसेच व्यवहाराचेही होते. तापलेले इंजिन तसेच चालविले तर गॅस्केटपुरती असलेली दुरुस्ती हेडपर्यंत आणि क्वचित संपूर्ण इंजिनापर्यंत जाते, हे यंत्राचे ज्ञान. आणि दोष विक्रेत्याच्या पदरातला असला तरी तो वाढविण्यास आपण हातभार लावला, की विक्रेत्याला आपला जबाब आयताच मिळतो, हे व्यवहाराचे. गाडी ओढून घाट ओलांडून सुरूर फाट्यावर नेली. तेथील मेस्त्रींनी कूलंटच्या टाकीचे झाकण उघडून बोट फिरविले आणि बोटाला लागलेला तपकिरी, चिकट गाळ दाखवून सांगितले की, हेड गॅस्केट पूर्वीच गेलेले आहे आणि गळती लपविण्यासाठी वरून 'दवा' ओतलेली आहे. "उद्या दुपारपर्यंत खोलून, बांधून देतो," असेही ते म्हणाले. मी खोलू दिले नाही. त्या संध्याकाळी सुचलेली ही एकच गोष्ट पुढच्या सर्व पत्रव्यवहारात माझ्या उपयोगी पडली. कारण एकदा इंजिन खोलले असते, गाळ धुऊन गेला असता आणि जुने गॅस्केट भंगारात पडले असते, म्हणजे माझ्यापाशी मेस्त्रींच्या शब्दावाचून दुसरा कोणताही पुरावा उरला नसता.

जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्याकडून गाडी घेऊन ज्यांच्यावर असा प्रसंग ओढवला आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. व्यापाऱ्याकडून हा शब्द मी हेतुपुरस्सर योजला. शेजाऱ्याकडून, सहकाऱ्याकडून अथवा जाहिरात पाहून एखाद्या गृहस्थाकडून परस्पर घेतलेल्या गाडीला ग्राहक संरक्षण अधिनियम लागू होत नाही, कारण तो गृहस्थ व्यापारी नव्हे. तेथे 1872 च्या करार अधिनियमाचा आधार घेऊन दिवाणी न्यायालयाचीच पायरी चढावी लागते. तेव्हा प्रथम आपला विक्रेता नेमका कोण याची खातरजमा करावी. पैसे कोणाच्या खात्यात गेले, इसाराची पावती कोणाच्या सही-शिक्क्याची आहे, जी.एस.टी.चे बिल कोणत्या पेढीच्या नावाचे आहे, हे पाहावे. पुष्कळदा असे घडते की, बोलणी होतात चकचकीत शोरूममध्ये, मात्र करारनाम्यावर विक्रेता म्हणून नाव असते मूळ मालकाचे, आणि पेढी 'आम्ही केवळ मध्यस्थ' म्हणून अंग काढून घेऊ पाहते. पैसे पेढीने घेतले असतील, गाडी पेढीच्या आवारातून दिली असेल आणि हमी पेढीच्या माणसाने भरली असेल, तर हा बचाव सहसा तग धरीत नाही. परंतु त्यासाठी ती पावती आणि ते संदेश आपल्यापाशी असले पाहिजेत. बिल मागूनही न देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण अधिनियमान्वये स्वतंत्र अनुचित व्यापारी प्रथा आहे, म्हणून बिल मिळाले नसल्यास ते आजच लेखी मागावे.

तक्रार करण्यापूर्वी एक आत्मपरीक्षणही आवश्यक आहे आणि ते मी प्रामाणिकपणे करावयास सांगतो. आठ वर्षे चाललेली मोटार ही आठ वर्षे चाललेलीच असते. तिचे ब्रेक-पॅड झिजलेले असणे, बॅटरीने सहा महिन्यांत मान टाकणे, क्लच जड लागणे, सस्पेन्शनचे रबर बुश खडखडणे, हे वापराचे परिणाम होत. ते चालवून पाहताना कळू शकतात, आणि किमतीत त्यांचा हिशेब धरलेला असतो. यांच्यासाठी भांडणारा ग्राहक आपली पत आपल्या हातांनी कमी करून घेतो. परंतु जो दोष साध्या पाहणीत दिसणारा नव्हता, ज्यामुळे गाडी चालविण्याजोगी राहत नाही, किंवा जो विक्रेत्याने दिलेल्या वर्णनाला सरळ खोटे पाडतो, तो वेगळ्या वर्गातला. आणि जो मुद्दाम झाकलेला आहे तो तर तिसऱ्याच. आपला दोष यांपैकी कोणत्या वर्गातला, हे शांतपणे ठरविल्यावाचून पत्र लिहावयास बसू नये.

'गाडी जशी आहे तशी, जेथे आहे तेथे' हे कलम जवळजवळ प्रत्येक करारनाम्यात असते आणि त्यावर सही केली म्हणून पुष्कळ लोक निराश होऊन गप्प बसतात. त्या कलमाला अर्थ नाही असे मी म्हणणार नाही. 1930 च्या मालविक्री अधिनियमाप्रमाणे विकलेला माल विक्रीयोग्य असावा, ही अट कराराने अध्याहृत धरली जाते; तथापि पक्षकार स्पष्ट शब्दांनी ती बाजूला ठेवू शकतात, आणि खरेदीदाराने माल तपासला असेल तर त्या तपासणीत जे दिसावयास हवे होते त्याबद्दल त्याला पुढे कुरकुर करता येत नाही. येथवर विक्रेत्याची बाजू खरी आहे. परंतु जी गोष्ट विक्रेत्याला ठाऊक होती आणि जी त्याने सक्रियपणे झाकली, तिला करार अधिनियमाच्या सतराव्या कलमात कपट म्हटले आहे, आणि कपटाला कोणतेही छापील कलम संरक्षण देत नाही. कूलंटमध्ये ओतलेली दवा, मागे फिरविलेला किलोमीटरचा आकडा, काढून टाकलेला धोक्याचा दिवा, या सर्व गोष्टी या वर्गात मोडू शकतात. मात्र त्या सिद्ध कराव्या लागतात, आणि ते ओझे आपल्यावर असते.

याच मालविक्री अधिनियमात विलंबाविषयी एक तरतूद आहे, आणि ती पुष्कळांच्या गावीही नसते. ताब्यात आलेला माल नाकारल्याचे न कळविता खरेदीदाराने तो वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला, तर त्याने तो स्वीकारला असे मानले जाते; आणि एकदा स्वीकारल्यावर सामान्यतः माल परत करण्याचा हक्क जाऊन केवळ नुकसानभरपाईचा उरतो. 'बघू, पुढच्या सर्व्हिसिंगला दाखवू' असे म्हणत तीन महिने गाडी फिरविणाऱ्याने आपला मोठा हक्क लहान करून घेतलेला असतो. म्हणून दोष दिसला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, विक्रेत्याला लेखी कळवावे. तोंडी केलेली तक्रार वाऱ्यावर जाते. दूरध्वनीवर बोलणे झालेच तर फोन ठेवल्याबरोबर त्याचा सारांश व्हॉट्सॲपवर अथवा ई-मेलने धाडावा: 'आत्ताच आपल्याशी झालेल्या संभाषणात आपण सोमवारी गाडी पाहण्यास माणूस पाठविण्याचे मान्य केले.' समोरच्याने त्यास हरकत घेतली नाही, तर ते अर्ध्या कबुलीइतके मोलाचे ठरते. त्याच वेळी किलोमीटरच्या आकड्याचे छायाचित्र घ्यावे आणि गाडी उभी करावी, कारण तक्रारीनंतर दोन हजार किलोमीटर चाललेली गाडी 'चालविण्याजोगी नाही' हे कोणाच्याही गळी उतरविणे कठीण आहे.

आता तज्ज्ञाच्या अहवालाविषयी. ग्राहक आयोगापुढे फेटाळल्या जाणाऱ्या मोटारविषयक तक्रारींमध्ये अहवालाचा अभाव हे नेहमी आढळणारे कारण आहे. ग्राहक मनापासून सांगतो की गाडीत दोष आहे, विक्रेता तितक्याच मनापासून सांगतो की नाही, आणि न्याय देणाऱ्यापुढे धरण्यासारखे काहीच नसते. अहवाल कोणाचा असावा? कोपऱ्यावरच्या मेस्त्रींचे ज्ञान कमी असते असे मुळीच नाही, परंतु त्यांचा शब्द कागदावर दुबळा पडतो. गाडीच्या कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्राने, म्हणजे गाडी विकणाऱ्या पेढीच्या नव्हे तर दुसऱ्याच चालकाच्या सेवाकेंद्राने, दिलेले जॉब कार्ड आणि निदानपत्र, अथवा विमा क्षेत्रातील परवानाधारक सर्वेक्षकाने किंवा यंत्र अभियंत्याने स्वतःच्या नावाने व सहीने दिलेला अहवाल अधिक भरवशाचा. त्यात गाडीचा क्रमांक, चॅसिस क्रमांक, तारीख, किलोमीटर, काय पाहिले, कोणत्या उपायाने पाहिले, आणि दोष किती जुना असण्याचा संभव आहे, इतके तरी स्पष्ट असावे. 'इंजिन खराब' एवढ्याने भागत नाही. 'कूलंटमध्ये गळतीरोधक द्रव्य आढळले. कॉम्प्रेशन चाचणीत दोन सिलिंडरांचा दाब इतरांपेक्षा कमी' असे लिहिलेले हवे.

येथे स्कॅनरविषयी एक बारीक पण फार उपयोगी गोष्ट सांगतो. अलीकडच्या गाड्यांच्या संगणकात दोषांची नोंद राहते आणि स्कॅनर लावून ती पुसताही येते. विक्रीपूर्वी इंजिनचा पिवळा दिवा घालविण्याचा हा सोपा मार्ग आहे. परंतु नोंद पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हा आकडा पुष्कळ गाड्यांत स्कॅनरवर दिसतो. तो आकडा आणि आपण ताबा घेतल्यापासून झालेले किलोमीटर जवळजवळ सारखे निघाले, तर ताब्याच्या आसपास कोणीतरी नोंद पुसली, असा निष्कर्ष काढण्यास जागा होते. म्हणून गाडी कोणाच्याही हाती देण्यापूर्वी, बॅटरीची तार निघण्यापूर्वी, ही नोंद वाचून तिची प्रत घ्यावी. तसेच किल्ली फिरविताच, इंजिन सुरू होण्यापूर्वी, इंजिनचा व एअरबॅगचा दिवा क्षणभर लागलाच पाहिजे. तो मुळीच लागत नसेल तर तो दिवाच निकामी केलेला असू शकतो.

किलोमीटर मागे फिरविल्याचा संशय असेल तर अधिकृत सेवाकेंद्रातून जुन्या सर्व्हिसिंगच्या नोंदी मागवाव्यात. प्रत्येक जॉब कार्डावर त्या दिवसाचे किलोमीटर लिहिलेले असतात. एका वर्षी 71,000 आणि पुढच्या वर्षी 48,000 असे आढळले तर वेगळ्या पुराव्याची फारशी गरज राहत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दर्शवितात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. केवळ 25,000 किलोमीटर चाललेल्या म्हणून विकलेल्या गाडीचे चारही टायर गाडीहून कितीतरी वर्षांनी तरुण असतील, तर तो पुरावा नव्हे, परंतु चौकशीस सबळ निमित्त खचित आहे.

पुरात बुडालेली गाडी हे आपल्या प्रांतातले विशेष संकट होय. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईत, आणि ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात, असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या विमा कंपनीने पूर्ण हानी म्हणून निकाली काढल्यावर लिलावात विकल्या जातात, धुऊन-पुसून, सीटकव्हर बदलून पुन्हा बाजारात येऊ शकतात, आणि त्यांचे दुखणे काही महिन्यांनी वायरिंगमधून बाहेर पडते: आज काच खाली जात नाही, उद्या दिवे आपोआप लागतात, परवा गाडी सुरूच होत नाही. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवरील गंज, गालिच्याखालची वाळलेली माती, सीटबेल्ट पूर्ण ओढला असता शेवटच्या हातभर पट्ट्यावर दिसणारी पाण्याची रेषा, ही चिन्हे कितीही धुतले तरी मागे राहतात. अशी गाडी निघाल्यास दुरुस्तीची मागणी करू नये. वायरिंगचा एक जोड सुधारला की दुसरा बिघडतो. गाडी परत घ्या आणि पैसे द्या, एवढीच मागणी करावी.

चौकशीच्या या कामात एका माणसाची आठवण फारच थोड्यांना होते. तो म्हणजे गाडीचा पूर्वीचा मालक. त्याचे नाव जुन्या आर.सी.वर असते. त्याने गाडी किती किलोमीटरवर विकली, अपघात झाला होता काय, गरम होण्याची तक्रार त्याने पेढीला सांगितली होती काय, हे तोच सांगू शकतो. बहुधा त्याचे आपल्याशी वैर नसते, आणि गाडी अद्याप त्याच्याच नावावर असेल तर आपल्याइतकीच चिंता त्यालाही वाटावयास हवी, कारण 2018 साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, गाडी कितीही हातांतून गेली असली तरी अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे त्याची. त्याला नम्रपणे पत्र लिहावे. माझ्या बाबतीत त्या गृहस्थांनी पेढीला गाडी देताना भरून घेतलेल्या तपासणीपत्रकाची प्रतच पाठविली. त्यात 'कूलंट कमी होते' असे पेढीच्याच माणसाच्या अक्षरात लिहिलेले होते.

नाव बदलण्याचा प्रश्न स्वतंत्रपणे महत्त्वाचा आहे, कारण कित्येकांच्या तक्रारीचा विषय इंजिन नसून कागदपत्रे हाच असतो. 'टी.टी. होऊन येईल, काळजी करू नका' असे सांगून महिनोन् महिने लोटतात. मोटार वाहन अधिनियमाच्या पन्नासाव्या कलमाप्रमाणे एकाच राज्यातील हस्तांतर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत कळवावयाचे असते; त्यासाठी नमुना 29 व नमुना 30, कर्ज फिटलेले असल्यास नमुना 35 व बँकेचे ना-हरकत पत्र, आणि गाडी परराज्यातील असल्यास नमुना 28 लागतो. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत नवी व्यवस्था आली आहे: अधिकृत व्यापाऱ्यापाशी परिवहन कार्यालयाचे नमुना 29-ब चे प्राधिकारपत्र असते, मालकाने गाडी त्याच्या हवाली केल्याची सूचना नमुना 29-क ने दिली जाते, आणि तेव्हापासून तो व्यापारी मानीव मालक समजला जातो. तेव्हा पेढीकडे तिच्या प्राधिकारपत्राचा क्रमांक मागावा. विम्याचेही तसेच, आपल्या नावावर करण्यासाठी 14 दिवसांच्या आत कंपनीस कळवावयाचे असते. न कळविल्यास तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचे संरक्षण चालू राहते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा मागताना अडचण उभी राहते. नो-क्लेम बोनस जुन्या मालकाचाच. तो आपल्याला मिळाल्याचे कोणी सांगितले असेल तर विश्वास ठेवू नये.

पेढीत प्रत्यक्ष बोलावयास जाताना सोबत एक माणूस असावा, तो शांत स्वभावाचा असावा, आणि ज्याने गाडी विकली त्या विक्रीप्रतिनिधीशी वाद न घालता व्यवस्थापकाची वेळ मागून घ्यावी; प्रतिनिधीला निर्णयाचा अधिकार नसतो, आणि त्याच्यावर काढलेला राग फुकट जातो. पेढीने लेखी हमी दिली असेल तर तिचा मजकूर अक्षरशः वाचून जावे. बहुतेक हम्या इंजिन व गिअरबॉक्सपुरत्या असतात, आणि 'बाहेरच्या गॅरेजमध्ये हात लावल्यास हमी रद्द' हे कलम त्यात असते. खंबाटकीच्या पायथ्याशी गाडी न खोलण्याचा लाभ मला येथेही झाला. गाडी तपासणीसाठी पेढीकडे सोडावी लागली तर जॉब कार्ड घेतल्यावाचून किल्ली देऊ नये. त्यावर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी, आणि काढलेला प्रत्येक जुना भाग परत द्यावा अशी ओळ घालावी. कर्ज काढून गाडी घेतली असेल तर विक्रेत्यावरच्या रागाने बँकेचे हप्ते थांबवू नयेत. बँकेशी आपला करार वेगळा आहे, आणि तेथे आपलीच पत बुडते.

आठवडाभरात समाधानकारक उत्तर आले नाही, तर पत्र लिहावे. वकिलाची नोटीस देता येते, परंतु पहिले पत्र स्वतःचे असले तरी चालते. मी धाडलेल्या पत्राचा मसुदा, नावे गाळून, येथे देतो.

"महोदय, आपणाकडून दिनांक … रोजी बिल क्रमांक … अन्वये रुपये … इतक्या मोबदल्यास मोटार क्रमांक … मी खरेदी केली. विक्रीसमयी 'इंजिनमध्ये कोणतेही काम नाही' असे आपल्या प्रतिनिधींनी दिनांक … च्या संदेशाने कळविले होते व त्यावर विसंबून मी हा व्यवहार केला. दिनांक … रोजी, मापकावर … किलोमीटर असताना, मजकूर मोटारीचे इंजिन तापून ती बंद पडली. तेव्हापासून ती उभी आहे. तज्ज्ञाचा अहवाल, छायाचित्रे व संदेशांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. त्यावरून हा दोष ताबा देण्यापूर्वीचा असून तो झाकण्यात आला होता, असे दिसून येते. तरी हे पत्र पोहोचल्यापासून 15 दिवसांच्या आत आपण स्वखर्चाने अधिकृत सेवाकेंद्रातून संपूर्ण दुरुस्ती करवून द्यावी व गाडी ओढून आणण्याचा खर्च रुपये … अदा करावा. ते मान्य नसल्यास गाडी परत घेऊन संपूर्ण मोबदला परत करावा. आपणास गाडीची तपासणी करावयाची असल्यास दोन दिवस आधी कळवून ती माझ्या समक्ष करावी. मुदतीत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागणे मला भाग पडेल. कळावे."

पत्रात विशेषणे नाहीत, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. 'फसवे', 'लुटारू' असे शब्द लिहिताना मन हलके होते, परंतु तोच कागद पुढे आयोगापुढे वाचला जावयाचा असतो. मागणी एकच, आकड्यांत आणि मुदतीसह असावी. पत्र स्पीड पोस्टाने पोहोचल्याच्या नोंदीसह धाडावे आणि ई-मेलनेही. पोलिसांची धमकी घालू नये. चॅसिस क्रमांक खोडलेला असेल अथवा गाडी चोरीची असल्याचा संशय असेल, तर मात्र पत्राची वाट न पाहता सरळ पोलीस ठाणे गाठावे.

पत्राने काम झाले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर मराठीतूनही तक्रार नोंदविता येते. गाडी संकेतस्थळाच्या द्वारे घेतली असेल, तर 2020 च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिनाभरात निवारण द्यावयाचे असते. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी 1974 साली सुरू केलेली ग्राहक पंचायतीची चळवळ आणि 1975 सालची मुंबई ग्राहक पंचायत यांचे कार्यकर्ते तक्रारीचा मसुदा तपासून देण्यासारखी मदत करीत आले आहेत; संकोच न करता त्यांच्याकडे जावे.

शेवटी आयोग. गाडीसाठी दिलेली किंमत 50 लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जावयाचे, म्हणजे आपल्यापैकी जवळजवळ सर्वांनी तेथेच. किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क काहीच नाही. पाच ते दहा लाखांस 200 रुपये, दहा ते वीस लाखांस 400 रुपये. विक्रेता मुंबईचा आणि आपण सोलापूरचे असलो तरी तक्रार सोलापुरात दाखल करता येते, ही 2019 च्या अधिनियमाने केलेली मोठी सोय आहे. वकील हवाच असे नाही. ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार रुजू करता येते. कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. विक्रेत्याला कैफियत देण्यास 30 दिवस, आणि आयोगाच्या मर्जीने आणखी 15 दिवस मिळतात. निकाल तीन महिन्यांत, आणि मालाची चाचणी करावयाची असल्यास पाच महिन्यांत द्यावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात याहून पुष्कळ अधिक काळ लागतो, हे मनाशी धरूनच उंबरठा ओलांडावा. तथापि आयोगाच्या हुकुमाला धार आहे: तो न पाळणाऱ्यास एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, अथवा 25,000 ते एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

या दिरंगाईमुळेच वाजवी तडजोड पुढे आल्यास ती नाकारू नये, असे माझे मत आहे. मात्र तहनामा पुरता लिहून घ्यावा: कोणते भाग बदलणार, नवे की जुने, त्या कामावर किती महिन्यांची हमी, पैसे कोणत्या तारखेस व कोणत्या खात्यात. गाडी परत करावयाची ठरली तर पैसे खात्यात जमा झाल्यावाचून किल्ली सोडू नये, आणि सोडताना तारीख, वेळ व किलोमीटर लिहिलेली ताबापावती घ्यावी. 'सर्व हिशेब चुकता' या ओळीखाली सही सर्वांत शेवटी.

माझ्या पत्रास बाराव्या दिवशी उत्तर आले. प्रथम अर्धा खर्च देऊ केला. मी जुन्या मालकांनी पाठविलेल्या तपासणीपत्रकाची प्रत पुढे केली आणि दुसऱ्या भेटीत संपूर्ण दुरुस्ती, ओढणावळीचा खर्च आणि सहा महिन्यांची लेखी हमी मान्य झाली. ज्या वाचकांची गाडी आज दारात उभी आहे आणि विक्रेता 'उद्या माणूस पाठवतो' म्हणून सांगत आहे, त्यांनी गाडी कोणालाही खोलू देऊ नये, आणि ते पत्र आज रात्रीच लिहावे.